एक वर्षाची हमी!

दिवाळी आली की आपल्या घरात दोन प्रकारचे कागद येतात. एक मिठाईच्या खोक्यांवरचा. तो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. दुसरा पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या वस्तूच्या खोक्यात, थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये दडलेला असतो. तोही पुष्कळदा पहिल्याच्या पाठोपाठ जातो! मुले रिकाम्या खोक्याचे घर करून खेळत असतात, यजमान टीव्हीचे चॅनेल लावण्यात गुंग असतात, गृहिणी नव्या फ्रीजला हळदकुंकू वाहात असते. आणि ह्या आनंदात ते मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेले पत्रक कोठे गेले, हे कोणाच्याच ध्यानात राहात नाही. त्या पत्रकाचे नाव वॉरंटी कार्ड.

ह्या कार्डाविषयी आपल्या बाजारात एक ठाम समजूत आहे. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. दुकानदारही हेच सांगतो आणि आपणही मान डोलावतो. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेल्या एकाच कुळातले, जवळजवळ जुळेच. कायद्याने मात्र त्यांना वेगळी कामे लावली. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे जामिनकी, म्हणजे एकाचे देणे दुसऱ्याने अंगावर घेणे. १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी म्हणजे व्यवहाराच्या मुख्य हेतूला जोडून दिलेले दुय्यम वचन. ते मोडले तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. तेव्हा दुकानदाराच्या तोंडी कोणता शब्द आला ह्याला फारसा अर्थ नाही. कागदावर काय वचन दिले आहे आणि ते पाळून घ्यायची वाट कोठून जाते, हे खरे पाहावयाचे.

ती वाट किती लांब असते, हे मी पाहिले ते माझ्या आत्याबाईंच्या फ्रीजच्या निमित्ताने.

गाव सापडत नाही!

आत्याबाई राहतात अंतरवाली सराटीस. जालना जिल्हा, अंबड तालुका. धुळे-सोलापूर महामार्गावरचे वडीगोद्री सोडले की आत वळावे. कापूस, ऊस आणि मोसंबी हा त्या बाजूचा संसार. एरवी ह्या गावाचे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण २०२३ साली मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषण झाले आणि ते नाव घराघरांत पोहोचले. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, मंत्री आले, १४ सप्टेंबरला स्वतः मुख्यमंत्री तेथे येऊन गेले. साऱ्या महाराष्ट्राला जे गाव सापडले, ते एका फ्रीज कंपनीच्या मेकॅनिकला मात्र सापडेना!

आत्याबाईंचे वय बहात्तर. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते हे ज्या घरात हे दुखणे आहे त्यांना सांगायला नको. आणि वैशाखात त्या भागातला पारा चाळीसच्या पुढे जातो हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. म्हणून आतेभावाने पाडव्याला जालन्याहून मोठ्या हौसेने फ्रीज आणला. पंचवीस हजारांच्या घरातला. संपूर्ण फ्रीजला एक वर्षाची वॉरंटी, कंप्रेसरला दहा वर्षांची. आत्याबाईंनी बिल आणि कार्ड दोन्ही सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले. "पैका दिलेला कागूद जपावा," ही त्यांची जुनी रीत.

वैशाखात, म्हणजे सातव्या महिन्यात, फ्रीज गार पडायचा तो गरम पडला. आतला दिवा लागे, पण थंडावा नाही.

आतेभावाने दुकानदाराला फोन लावला. तो फार गोड बोलला. "दादा, आमचा संबंध विक्रीपुरता. आता तुम्ही आणि कंपनी. कार्डावर नंबर आहे बघा." कार्डावर नंबर होता. तो लावल्यावर मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, फ्रीजसाठी चार दाबा, असे दाबता दाबता अखेर एका मुलीचा आवाज आला. तिने पिनकोड विचारला, मॉडेल नंबर विचारला, आणि मग विचारले, "सर, जवळची खूण काय?"

आतेभाऊ म्हणाला, "ताई, टीव्हीवर आमचं गाव रोज दाखवीत होते की!"

"सर, सिस्टममध्ये खूण टाकावी लागते."

शेवटी मारुतीचे देऊळ ही खूण टाकली गेली आणि तक्रारीला एक बारा आकडी नंबर मिळाला. ४८ तासांत माणूस येईल असा संदेश आला. दोन दिवस आत्याबाई ओसरीवरून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर दुसरा संदेश: 'ग्राहक घरी उपलब्ध नसल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे.'

नातवाने संदेश वाचून दाखवला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "म्या घरी नव्हते? मंग कोण बसलं होतं हितं?"

पुन्हा फोन, पुन्हा एक, दोन, चार. पुन्हा मारुतीचे देऊळ. ह्या वेळी मेकॅनिकचा स्वतःचा फोन आला. "भाऊ, तुमचं गाव आमच्या हद्दीच्या बाहेर आहे. फ्रीज टेंपोत घालून वडीगोद्रीला फाट्यावर आणता का? नाहीतर येण्या-जाण्याचं वेगळं द्यावं लागंल." आतेभावाला वाटले हा आपल्या मनाचे सांगतो आहे. पण ते कार्डावर छापलेलेच होते! सेवाकेंद्र ज्या शहरात आहे त्याच्या हद्दीबाहेर वस्तू असेल तर वाहतुकीचा खर्च ग्राहकाचा, असे एक कलम पुष्कळ कंपन्यांच्या कार्डांवर असते. पुण्याच्या सदाशिव पेठेत बसून हे कलम वाचले तर त्यात काही बोचत नाही. अंतरवालीत वाचले की कळते: वस्तूची किंमत दोघांनी सारखीच दिली, हमी मात्र एकाला दाराशी आणि दुसऱ्याला फाट्यापर्यंत!

नवव्या दिवशी मेकॅनिक आला. वीस मिनिटे पाहून म्हणाला, "मावशी, कंप्रेसर बरा आहे. आतला बोर्ड जळाला. व्होल्टेज वर-खाली झालं की असं होतं. हे वॉरंटीत बसत नाही. चार हजार आठशे होतील." मग त्याने मोबाइलवर आलेला चार आकडी कोड मागितला. आतेभावाने तो भाबडेपणाने सांगितला. आणि संध्याकाळी संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकालात निघाली आहे. त्या चार आकड्यांचा अर्थ 'काम झाले, मी समाधानी आहे' असा होता, हे कोणी सांगितलेच नव्हते.

इकडे इन्सुलिनच्या दोन कुप्या उकाड्यात गेल्या. वडीगोद्रीच्या औषधवाल्याने चांगुलपणाने बाकीच्या कुप्या आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतल्या. आतेभाऊ लागेल तशी एकेक घेऊन येई. चालू कुपी माठाशेजारच्या ओल्या वाळूत, प्लास्टिकच्या डबीत ठेवलेली. फ्रीज नव्हता तेव्हाचा हा उपाय फ्रीज घरात असताना पुन्हा करावा लागला.

दारावरचा स्टिकर

ज्येष्ठ लागता लागता एका लग्नासाठी मी तिकडे गेलो. फ्रीज ओसरीच्या कोपऱ्यात उभा होता आणि त्यात कपडे ठेवले होते. आत्याबाई काही तक्रार करीत नव्हत्या. तक्रार करून त्या थकल्या होत्या. पण माझ्या जेवणानंतर त्यांनी नातवाला हाक मारली आणि फ्रीजच्या दारावर बोट ठेवून विचारले, "ह्या चिठ्ठीवर काय लिव्हलंय, मामाला वाचून दाव."

मुलगा दहावीतला. त्याने वाचले. तो कंपनीनेच चिकटवलेला रंगीत स्टिकर होता. स्टॅबिलायझरविना चालतो; व्होल्टेज शंभरावर उतरले किंवा तीनशेवर चढले तरी काळजी नको, अशा अर्थाचा मजकूर होता. अशी जाहिरात आज अनेक कंपन्या करतात, आणि खेडेगावात फ्रीज खपतो तो बहुधा ह्याच एका वाक्यावर.

आत्याबाई म्हणाल्या, "मंग व्होल्टेजनं जळालं असं ते कामून म्हणतेत? त्यांनीच लिव्हलंय ना चालतंय म्हणून?"

वाचकहो, मी तुम्हांला खरेच सांगतो, ग्राहक संरक्षण कायद्याची व्याख्या एवढ्या थोडक्यात मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. २०१९ च्या कायद्यात 'दोष' म्हणजे काय हे सांगितले आहे. कायद्याने ठरवलेला किंवा करारात उघडपणे वा गृहीत धरून कबूल केलेला दर्जा नसणे हा दोष आहेच. पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यानुसार वस्तू नसणे, हाही दोषच! कोणत्याही प्रकारे म्हणजे कार्डावर, जाहिरातीत आणि दारावर चिकटवलेल्या स्टिकरवरही. आणि 'विक्रेता' ह्या शब्दात कायद्याने उत्पादकालाही धरले आहे. एका हाताने व्होल्टेजची फिकीर नको असे सांगून माल विकावयाचा आणि दुसऱ्या हाताने बारीक अक्षरांत व्होल्टेजचे कारण वगळावयाचे, हे कायद्यापुढे टिकवणे कंपनीला सोपे नाही.

आम्ही त्या दुपारी तीन कामे केली. फ्रीजचा, स्टिकरचा, मॉडेल व सीरियल नंबरच्या पट्टीचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घेतला. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. तो फोन फुकट असतो आणि मराठीतही बोलता येते. तिसरे काम पत्राचे. साध्या मराठीत, दोन पानी, तारीखवार. कधी घेतला, कधी बंद पडला, कोणत्या तारखेला कोणता नंबर मिळाला, तक्रार दोनदा कशी बंद केली, दारावर काय लिहिले आहे, आणि पंधरा दिवसांत फुकट दुरुस्ती न झाल्यास जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. एक प्रत दुकानदाराला, एक कंपनीच्या मुख्य कचेरीला. दोन्ही पोस्टाने, पावती घेऊन.

अकराव्या दिवशी फोन आला. ह्या वेळी कोणी खूण विचारली नाही! 'विशेष बाब म्हणून, सद्भावनेने' कंपनी बोर्ड फुकट बदलून देणार होती.

तोच मेकॅनिक नवा बोर्ड घेऊन आला. मुलगा वाईट नव्हता हो. दिवसाला बारा-चौदा तक्रारी, प्रत्येक फेरीचे ठरलेले पैसे, पेट्रोल स्वतःचे. लांबची फेरी केली तर दिवस तोट्यात जातो. 'ग्राहक घरी नाही' हे खोटे त्याला त्या हिशेबाने शिकवले होते. त्याने बोर्ड बसवला आणि सवयीने कोड मागितला. आत्याबाई म्हणाल्या, "बस लेकरा. च्या घे. बरफ झाला की देते." मुलगा हसला, पण बसला. दोन चहा झाले, पेरूच्या फोडी झाल्या, तालुक्यातल्या सोयरिकी निघाल्या. अडीच तासांनी वाटीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला, तेव्हा त्यांनी कोड दिला. त्यापूर्वी कामाच्या कागदावर 'वॉरंटीत बदलला' एवढे शब्द त्याच्याकडून लिहून घेतले. 'सद्भावना' हा शब्द त्यांना मुळीच पटला नव्हता. "उपकार कशाचे? पैका मोजलाय," हे त्यांचे म्हणणे.

फ्रीज चालू झाला. पण सदतीस दिवस, नासलेल्या दोन कुप्या, औषधवाल्याकडच्या खेपा ह्यांचे काय? त्यासाठी आयोगाकडे जाता आले असते, आणि मुदतही आहे. पण मृगाचा पाऊस पडला, पेरणी तोंडावर आली, आणि आतेभावाने बैलांकडे व बियाण्याकडे पाहिले. मला वाटते, कंपन्यांचा हिशेब चालतो तो नेमका ह्याच जागी. माणूस चुकीचा ठरावा अशी त्यांची गरज नसते. तो थकावा एवढेच पुरते.

ग्राहकाचा आवाज

थकलेल्या माणसाला एकट्याने लढणे जमत नाही, हे आपल्याकडच्या काही मंडळींनी फार लवकर ओळखले. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनी तेथील संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षितता, माहिती, निवड, आणि आपले म्हणणे ऐकले जाणे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६६ साली, मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. अन्नातली भेसळ, वजनमापातली लबाडी हे त्यांचे पहिले विषय. १९७२ च्या महागाईत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तो मोर्चा तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायत उभी केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिच्या उभारणीत आपले लाडके गायक-संगीतकार सुधीर फडके ह्यांचाही वाटा होता. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीसाठी झटलेली ही माणसे वाण्याच्या तराजूकडे वळली, ह्याचे कोणाला नवल वाटेल. पण त्यांच्या दृष्टीने तोही स्वातंत्र्याचाच पुढचा धडा होता. शेजारच्या दहा-बारा कुटुंबांनी एकत्र यावे, महिन्याचे सामान एकत्र मागवावे आणि आपसांत वाटून घ्यावे, ही मुंबई पंचायतीची रीत आजही चालू आहे.

अशा अनेक प्रांतांतल्या चळवळींतून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. ह्या कायद्याने वकिलाची सक्ती नसलेले न्यायमंच जिल्ह्याजिल्ह्यांत उभे केले. पण त्यात एक अडचण उरली होती. दावा लावावयाचा तर विरुद्ध पक्ष जेथे राहतो, जेथे त्याची शाखा आहे किंवा जेथे व्यवहाराचे कारण घडले तेथे. मुलाने मुंबईहून वस्तू पाठवली आणि ती गावी बिघडली, तर दावा कोठे, हाच पहिला वाद व्हावयाचा.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हा वाद मिटवला. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तेथल्या जिल्हा आयोगातही त्याला तक्रार करता येते. म्हणजे कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, वस्तू जालन्यात घेतलेली असो की ऑनलाइन मागवलेली, अंतरवालीच्या माणसाने जालन्यालाच जावे. पन्नास वर्षांच्या खटपटीनंतर कायद्याला ते गाव सापडले. कंपनीच्या कार्डाला अजून सापडावयाचे आहे!

न्यायालये काय म्हणतात

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे म्हणून मागाल ते मिळते, असे मात्र नाही. एका मोटारीच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीच्या कागदात सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर त्या जोरावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून कार्डातले शब्द आधी वाचावे आणि मागणी त्या शब्दांना धरून करावी. मोठी मागणी करून हात हलवीत परत येण्यापेक्षा नेमकी मागणी करून ती पदरात पाडून घेणे शहाणपणाचे.

दुसरे प्रकरण गोव्याचे. २०११ साली नवी म्हणून घेतलेली मोटार २००९ सालची निघाली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२१ साली न्यायालयाने उत्पादक कंपनीला मोकळे केले; विक्रेत्याच्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते, आणि त्या दोघांमधला व्यवहार स्वतंत्र होता. जबाबदारी उरली ती विक्रेत्यावर. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी दुकानदाराकडे. खरा दोषी कोण हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही. म्हणून पत्र आणि तक्रार दोघांच्याही नावे करावी.

एवढे ध्यानात ठेवा

आता ह्या दिवाळीत खरेदीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

बिल अवश्य घ्या. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल वापरणाऱ्या माणसाच्या नावे असावे; निव्वळ धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या वस्तूला ह्या कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, तेव्हा घरचा फ्रीज फर्मच्या नावे घेण्याचा मोह टाळावा. बिलाची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा. दारावरचा स्टिकर आणि दुकानातले जाहिरातीचे पत्रक ह्यांचाही.

वस्तू बिघडली तर फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका. फोन करा, पण त्या दिवशीच दोन ओळींचा ईमेल किंवा पत्र जाऊ द्या. तक्रारीचा प्रत्येक नंबर आणि प्रत्येक संदेश जपा. 'ग्राहक उपलब्ध नाही' हा खोटा संदेशसुद्धा. उद्या तोच तुमच्या बाजूचा साक्षीदार होतो. आणि काम पुरे झाल्याची खात्री होण्याआधी कोड देऊ नका.

मेकॅनिकने 'वॉरंटीत बसत नाही' म्हटले तर शांतपणे एकच सांगावे: कारण लिहून द्या. तोंडी कारण वाऱ्यावर जाते; लिहिलेले कारण तपासता येते. प्रयोगशाळेतल्या तपासणीवाचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो.

१९१५ वर काम झाले नाही तर जिल्हा आयोग आहे. तक्रार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काही नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. ई-जागृती ह्या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते, आणि सुनावणीलाही आयोगाच्या परवानगीने व्हिडिओवरून हजर राहता येते. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा लांबतो. पण तक्रार दाखल झाली एवढ्यानेच कित्येक कंपन्यांच्या आठवणी ताज्या होतात.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. आपल्यापैकी बहुतेकांची पाळेमुळे एखाद्या खेड्यात आहेत. पाडव्याला आपण आईवडिलांसाठी, काकांसाठी, आत्यासाठी मोठ्या प्रेमाने एखादी वस्तू पाठवतो आणि ती पोहोचली की आपले कर्तव्य संपले असे समजतो. ह्या वर्षी वस्तू निवडताना दुकानदाराला रंग आणि सवलत विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: "ह्या गावात तुमचा माणूस घरी येतो का, आणि हे लिहून देता का?" पन्नास गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला तर दुकानदार तो कंपनीच्या एजंटाला विचारील, आणि विक्री अडते आहे असे दिसले की कार्डावरची हद्दही हळूहळू सरकू लागेल. हमी ही देणाऱ्याच्या मर्जीने रुंद होत नाही. मागणाऱ्याच्या चिकाटीने होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीखात्यांची पूजा करतो. त्या वह्यांशेजारी यंदा ते बारीक अक्षरांचे पत्रकही ठेवावे, आणि घरातल्या दहावीच्या मुलाकडून ते सगळ्यांना एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे. फराळाच्या आधी उरकता येईल!